सिटी चौक ते उस्मानपुरा, मार्गे पैठण गेट

आमच्या कन्नडचे लोक हल्ली लई लांब लांब जातात. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सिंगापूरला जाऊन आले, त्याला तीन महिने झाले, पण मनानं अजून तिकडंच आहेत. नळाला पाणी आलं की "सिंगापूरचा नळ" अशी सुरुवात करतात. त्यांना काय करायचं ते करू द्या. मी यंदा अशा प्रवासाला जाऊन आलो की जिथं तुमच्यापैकी कुणीही गेलेलं नसणार: छत्रपती संभाजीनगरातला सिटी चौक ते उस्मानपुरा हा रस्ता, सायकलवर, आणि माझ्या मागच्या सायकलवर जवळजवळ आंधळा झालेला एक डायवर. अंतर अडीच-तीन किलोमीटर. लागले तीन दिवस.

मी थोडं वाढवून सांगतो असं गावात म्हणतात. तेव्हा वाचताना जे अशक्य वाटेल ते खरं धरा, आणि जे अगदी सहज पटेल त्यावर थोडा संशय ठेवा.

आधी डायवरची ओळख. शब्बीरभाई आणि मी एकाच लाल गाडीवर आयुष्य काढलं. तो स्टेअरिंगवर, मी घंटीच्या दोरीपाशी. तो मला मास्तर म्हणतो. कंडक्टरला आमच्यात मास्तरच म्हणतात, त्यासाठी शिक्षण विचारत नाहीत. माझा आवाज असा की कन्नडच्या स्टँडवर उभं राहून मी "चाळीसगाव!" म्हणालो की चाळीसगावचे लोक घाटाखालून "ओ" द्यायचे. आणि शब्बीर असा की त्या आवाजावर डोळे मिटून गाडी हाकायचा. एक घंटी म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. गाडी मागं घ्यायची असली की मी खाली उतरून पत्र्यावर थाप मारायचो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" त्या 'बस्स'वर त्यानं घाटात मागची चाकं दरीच्या इतक्या काठावर नेली आहेत की शेवटच्या बाकावरचे प्रवासी बसल्या जागी पलीकडच्या जिल्ह्याची हवा खाऊन यायचे. आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही. म्हणायचा, "आरसा खोटं बोलंल, मास्तर नाय बोलणार." अख्ख्या तालुक्यात माझ्याबद्दल असं बोलणारा तो एकटाच.

दोघंही निवृत्त झालो. मी कन्नडला राहिलो, तो शहरात, सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत. मग एक दिवस त्याच्या बायकोचा, रेहानाभाभींचा फोन आला.

"भाईजान, तुम आव. मेरा तो सुनतेच नहीं."

शुक्रवार

प्रवासाचं काय सांगायचं? चार वर्षांपूर्वीपर्यंत मी ज्या रस्त्यावर लोकांना पुढं सरकवत होतो, त्याच रस्त्यावर एका पोरसवदा कंडक्टरनं मला पुढं सरकवलं. एवढं सांगून तो भाग मी सोडून देतो.

शब्बीरभाई अंगणात खाटेवर बसला होता. मी दारातूनच आवाज दिला तेव्हा त्यानं मान वळवली ती आवाजाच्या नेमक्या दिशेला, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. मग चाचपडत परत येऊन माझ्या तोंडावर थांबली.

"सापडलास," तो म्हणाला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येत नाही, असंही सांगितलं होतं. मला त्यातलं कळेना, तेव्हा त्यानं डायवरच्या भाषेत समजावलं. "बाजूचे दोन्ही आरसे गेले, मास्तर. समोरची काच राहिली, ती बी बशीएवढी. त्या बशीत जेवढं मावंल तेवढं दिसतं. बाजूनं हत्ती आला तरी अंगावर पडल्याबिगर कळत नाय."

एवढ्यावरही तो रडत बसला नव्हता. अडचण वेगळीच होती. त्याची लेक शाहीन उस्मानपुऱ्यात राहते. दर रविवारी सकाळी शब्बीर आपल्या काळ्या सायकलवर तिच्याकडं जायचा, तिच्या हातचा नाश्ता करायचा आणि दुपारी परत यायचा. कित्येक वर्षं हा नेम चुकला नव्हता. आता आठ महिने झाले, तो गेला नव्हता. शाहीननं रिक्षा पाठवली, ती त्यानं रिकामी परत पाठवली. जावई गाडी घेऊन आला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. शाहीन स्वतः येऊन रडून गेली.

"मैं क्या सवारी हूँ?" एवढंच त्याचं म्हणणं. "आयुष्यभर लोकांना पोचवलं. आता मला पार्सल करून पोचवणार? पोरीच्या दारात जाईन तर गाडी घेऊन जाईन. नायतर नाय."

भाभींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "वो उदर नहीं जाते, तो मैं भी नहीं जाती. कैसा जाऊं?" म्हणजे दोघंही अडकले होते.

जेवायला नान-खलिया होता. आमच्या कन्नडला पाहुण्याला "अजून वाढू का" एकदा विचारतात, फार तर दोनदा. इथं सात वेळा विचारतात आणि आठव्यांदा न विचारताच वाढतात. ते नान असे की एक उशाला घ्यावं आणि एक पांघरावं. मटणाच्या रश्श्यावरचा लाल तवंग बोटानं बाजूला सारत मी खालचा तळ शोधत राहिलो. तळ लागला तेव्हा उन्हं उतरली होती.

हात धुतल्यावर भाभींनी खरं कारण सांगितलं. दोन दिवसांपूर्वी गल्लीतून भोंगा लावलेली गाडी फिरून गेली होती. येत्या रविवारपासून महिनाभर, दर रविवारी सकाळी, सिटी चौक ते क्रांती चौक हा रस्ता गाड्यांना बंद. मोटार नाही, मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. फक्त पायी चालणारे आणि सायकलवाले. प्रयोग म्हणून.

"गाड्यांबिगर रस्ता?" शब्बीर खाटेवरून हसला. "त्याला रस्ता नाय म्हणत, मास्तर. त्याला वाळवण घालायची जागा म्हणतात."

मलाही तसंच वाटत होतं. रस्ता हा गाडीचा, माणूस हा कडेचा, असं आमचं दोघांचं तीस वर्षांचं शिक्षण.

शनिवार

म्हटलं, उद्या सायकलवर न्यायचं तर आज पायी तालीम करू. गुलमंडीपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. सकाळी अकराला निघालो. ही माझी पहिली चूक. मी कन्नडच्या हिशेबानं निघालो. आमच्याकडं अकराला रस्त्यावर दोन म्हशी आणि एक सरपंच असतो.

इथं फूटपाथ होता. म्हणजे असणार. त्यावर मोटारसायकली लावलेल्या होत्या, त्यांच्या पुढं चपलांचा गाडा, गाड्यापुढं गाड्याची गिऱ्हाइकं. उरलेल्या रस्त्यावर रिक्षा, मोटारी, टेम्पो आणि हॉर्न. असे हॉर्न की माझा तो घाटाखाली जाणारा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचेना. मी पुढं, शब्बीर माझ्या कोटाकडं बघत मागं. "डावीकडं ये!" मी ओरडतोय आणि त्याला ऐकू जातंय ते टेम्पोचं.

मी वळून पाहिलं तेवढ्यात एका मोटारीचा आरसा त्याच्या कोपराला लागला. फार नाही. तो दोन पावलं हेलकावला आणि चपलांच्या गाड्याला धरून उभा राहिला. मोटारीची काच खाली आली.

"ओ चाचा! दिसत नाही का?"

शब्बीरनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. अगदी शांतपणे म्हणाला, "नाय ना बेटा. नाय दिसत."

 मागचे हॉर्न वाजवायला लागले तशी मोटारवाल्यानं काच वर केली आणि गेला. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली होती, पण शब्बीरनं माझी बाही धरली. "चल, मास्तर. परत."

चहा न पिताच परतलो. दारात आल्यावर त्यानं भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या सीटवरून हात फिरवला आणि भाभींना म्हणाला, "सोमवारी भंगारवाल्याला बोलाव. हिला देऊन टाक."

 भाभींनी माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात कुणाच्याही नजरेला थाप मारून उत्तर दिलेलं आहे. त्या नजरेसाठी मात्र मी संध्याकाळपर्यंत मुदत घेतली.

संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "हे बघ, भंगारवाला सोमवारी येणार. म्हणजे रविवार मोकळाच आहे. शेवटची फेरी मारू. डेपोत जमा करायच्या आधी गाडी एकदा फिरवतातच की नाही?"

बराच वेळ त्यानं पायानं खाटेचा पाय ठोकला. मग म्हणाला, "चाकात हवा बघ."

रविवार

संक्रांत होऊन गेली होती, तरी सकाळची थंडी बोचत होती. शब्बीरची सायकल काळी, डबल दांडीची, रणगाड्यासारखी. मला शेजारच्यांनी दिली ती लेडीज सायकल, गुलाबी, पुढं टोपली. मी तक्रार केली नाही. कन्नडला कुणी विचारलं तर रंग सांगायचा नाही, एवढं ठरवलं. आज मात्र लिहून बसलो.

सात वाजता सिटी चौकात आलो आणि मी सायकलसकट थांबलो. रस्ता दिसत होता! या टोकापासून त्या टोकापर्यंत, रुंद, मोकळा. काल इथंच मी कोट आखडून चाललो होतो, तो हाच का? आणि ऐकू येत होतं. कुठल्या तरी माडीवर शिलाई मशीन चालू होतं. कबुतरं पंख झटकत होती. कुणीतरी खाकरलं ते तीन दुकानं सोडून. मधोमध एक आजोबा घरची खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते, जणू त्यांच्याच अंगणातून रस्ता काढलाय. दोन बायका साडीचा पदर खोचून बॅडमिंटन खेळत होत्या. त्यातली एक इतकी जोरात मारत होती की फूल दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन पडत असणार.

शब्बीर मागं उभा होता. मान किंचित तिरपी. ऐकत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "शहर इतकं हळू बोलतं?"

मग आम्ही निघालो. ठरलं असं की मी पुढं राहायचं, दोन सायकली अंतरावर तो. त्याच्या बशीत माझा कोट बसतो आणि कानात माझा आवाज. मी बोलत राहायचं. बोलणं हे काही मला काम वाटत नाही. "स्पीड ब्रेकर आला, उचल. डावीकडं पोरं. सरळ, सरळ. तर सांगत होतो, त्या वर्षी घाटात असलं धुकं पडलं की मला तिकिटाच्या पंचनं भोकं पाडून पलीकडचं बघावं लागलं..." मागून त्याच्या साखळीचा आवाज येत होता. तो सायकल चालवत होता! आठ महिन्यांनी. वळण घेताना थोडा डगमगला आणि मग सरळ झाला. डायवर तो डायवर.

गुलमंडीजवळ एक कुत्रं आडवं आलं. मी सहज घंटी वाजवली. एकदाच. आणि गोष्ट चालू ठेवली.

धुक्यातून बाहेर येऊन, वाटेत चढलेल्या एका म्हशीसकट, मी गाडी पार चाळीसगावात नेली तेव्हा शेजारून कुणीतरी विचारलं, "मग? म्हैस उतरली का?" वळून पाहतो तर ट्रॅकसूट घातलेले एक अनोळखी गृहस्थ माझ्या सायकलबरोबर भराभर चालत होते, अगदी मन लावून. त्यांच्या मागं आणखी दोघं. शब्बीर नव्हता.

 सायकल वळवली ती अशी की टोपलीत भाभींनी ठेवलेला डबा उडाला. मागं गेलो तर गुलमंडीच्या चौकापासून थोडं पुढं, रस्त्याच्या मधोमध हा उभा. एक पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक आवळलेले. भोवती पाच-सात पोरं सायकली फिरवत होती आणि घंट्यांचा नुसता पाऊस पडत होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत, एका पोरीनं दोनदा घंटी वाजवली तसा शब्बीर निघाला. दुसऱ्यानं एकदा वाजवली, तसा कच्चकन थांबला. पुन्हा दोन, पुन्हा निघाला. असं करत करत तो एका गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्या पोरांनी त्याला पैठणला नेऊन सोडलं असतं.

मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. 

"मास्तर," तो म्हणाला, "इथं कंडक्टर लई झालेत."

मी हसलो, तोही हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "तुझी एक घंटी आली म्हणून थांबलो. मग तुझा आवाज गेला. आवाज गेला की बशीत काहीच राहात नाय रे."

तीस वर्षांची सवय, तिला सायकल आणि एसटी यातला फरक काय कळणार? चूक माझी होती. मी त्याला थांबायला सांगितलं आणि स्वतः निघून गेलो. तेव्हा नवा नियम केला: घंटी कुणाचीही असो, मानायची नाही. आवाज फक्त माझा. आणि मी एक सेकंदही गप्प बसायचं नाही.

पण त्याआधी थोडं थांबलो. एका कापड दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानाचे शेठ शटर अर्धं उघडून चेहरा पूर्ण पाडून बसले होते.

"बघा ना," ते मला म्हणाले, "गाड्या बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद. पायी येणारा काय घेणार हो? रुमाल?"

"शेठ," शब्बीर म्हणाला, "गाडीवाला तुमच्या दारात गाडी लावतो, आणि खरेदी शेजारी करतो. मी बघितलंय. दिसत होतं तेव्हा बघितलंय."

शेठ आधी चिडले, मग हसले, मग चहा मागवला. चहा पिता पिता शब्बीरनं विचारलं, "ओढणी आहे का चांगली? आठ महिन्यांनी लेकीकडं चाललोय. रिकाम्या हातानं जाऊ का?" शेठ उठून उभेच राहिले. ओढण्यांवर ओढण्या उलगडल्या. शब्बीरनं एकेक बोटांनी चाचपून बघितली, एक डोळ्यांसमोर बशीत धरली, रंग विचारला. मी म्हणालो, आंब्याच्या कोवळ्या पानासारखा. शेठ म्हणाले, हिरवा. ती घेतली. भवानी झाली म्हणून शेठनी ती कपाळाला लावून मग बांधून दिली. 

पैठण गेटच्या दिशेनं निघालो. मी बोलत होतो. घाट झाला, धुकं झालं, म्हशीला दिलेलं हाफ तिकीट झालं, नवरदेवाला चुकीच्या गावाच्या मांडवात उतरवल्याची गोष्ट झाली. आणि काय सांगू तुम्हाला, पैठण गेटच्या कमानीपाशी माझ्या थापा संपल्या. जन्मात पहिल्यांदा. घसा कोरडा आणि डोकं रिकामं.

"काय झालं?" मागून तो.

"संपलं रे."

"मग खरं सांग."

खऱ्याचा माझ्याकडं साठा कमी. पहिलं हाताला जे लागलं ते बोललो. "ती बाई आठवते का? हतनूरच्या पुढं. डोक्यावर गवताचा भारा. तू हॉर्न दिला, मी खिडकीतून ओरडलो, 'ए बाई, रस्ता काय तुझ्या बापाचा का?' ती घाबरून बाजूला झाली ती थेट चिखलात. भाऱ्यासकट बसली. आणि आपण हसलो."



"वेरूळपर्यंत हसलो," तो म्हणाला. "मला बी आठवते. काल त्या आरशानं मारलं तेव्हाच आठवली." थोडं अंतर गेलं. "तिला बाजूला व्हायला जागाच नव्हती, मास्तर. आता कळतंय. कडेला जागाच नसते."

 गप्प बसायचं नव्हतं. मी "सरळ, सरळ, सरळ" एवढंच म्हणत राहिलो. समोरून एक म्हातारी हातात दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती, एवढी हळू की मधे तिनं एकदा विश्रांती घेतली. मी सांगितलं, "म्हातारी आहे, थांब." शब्बीर थांबला. मी म्हणालो, "डावीकडून काढू या का?" तो म्हणाला, "नको. जाऊ दे तिला. तिचा रस्ता आहे." आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो, म्हातारी पार पलीकडच्या पायरीवर चढेपर्यंत.

क्रांती चौकाच्या अलीकडं लोखंडी अडथळे होते. तिथं एक पोलीस ताई आणि एक पांढरी, बंगल्याएवढी मोटार यांचं चाललेलं होतं.

"ताई, मला फक्त पैठण गेटपर्यंत जायचंय. दूध आणायला."

"मग चाला की, दादा. दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"आणि गाडी?"

"ती काय रांगत जाणार आहे का कुठं? राहील इथंच."

दादा खाली उतरले. आपल्या पायांकडं त्यांनी असं पाहिलं, जसे ते कालच दुकानातून आणलेत. मग चालायला लागले.

आमचा मात्र इथं सरळ रस्ता संपत होता. उस्मानपुरा पलीकडं, आणि मधे जालना रोड. तिथं गाड्या बंद नव्हत्या. उलट ज्या आत यायच्या थांबल्या होत्या त्यांचाही राग घेऊन बाकीच्या पळत होत्या. रविवार म्हणून सिग्नल नुसता पिवळा मिचकावत होता. इतका वेळ कानात असलेली कबुतरं, शिलाई मशीन, सगळं एका क्षणात गेलं. शब्बीर सायकलवरून उतरला. हँडल धरून उभा राहिला. त्याचा चेहरा कालच्यासारखा झाला.

"हात धर," मी म्हणालो.

"नाय."

"रिक्षा..."

"मास्तर, नाय म्हणलं ना."

किती वेळ उभे होतो सांगता येत नाही. पलीकडं उस्मानपुऱ्याचा रस्ता दिसत होता. मला दिसत होता. इथवर येऊन परत फिरलो तर सोमवारी भंगारवाला येणार, आणि मग हा माणूस त्या खाटेवरून पुन्हा उठणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात डावी-उजवीकडं न बघता, नुसत्या आवाजावरून शब्बीर म्हणाला, "एसटी आली."

मी पाहिलं. खरंच, उजवीकडून लाल गाडी येत होती. वेग कमी करत करत ती आमच्यासमोर येऊन थांबली. स्टॉप नव्हता, काही नव्हतं. डायवर अनोळखी, जवान. त्यानं आम्हाला, म्हणजे सायकल धरलेल्या एका म्हाताऱ्याला आणि गुलाबी सायकलवाल्या दुसऱ्याला, पाहिलं असणार. खिडकीतून हात काढून जा म्हणून खूण केली. ती शब्बीरला दिसली नाही.

"थांबली ना?" त्यानं विचारलं.

"थांबली. तुझ्यासाठीच."

शब्बीरनं एक हात हँडलवर ठेवला, दुसरा पुढं केला. गाडीच्या तोंडावर तळवा टेकला. आणि तो पत्रा धरून, एकेक पाऊल, दिव्यापासून दिव्यापर्यंत, गाडीची सगळी रुंदी तो चालत गेला. मागं हॉर्नचा कल्लोळ उठला होता. गाडीनं वाट अडवल्यानं कुणाला पुढं जाता येईना. त्याला घाई नव्हती. मधे एका ठिकाणी तर तो थांबलाच आणि पत्र्यावर थोपटलं, जसं बैलाच्या मानेवर थोपटतात.

दुभाजकापाशी पोचलो. पुढच्या अर्ध्या रस्त्यावर एसटी नव्हती. मी म्हणालो, "आता थांब, मी बघतो..." पण तो थांबलाच नाही. डायवर वळायच्या आधी हात काढतो तसा त्यानं हात बाहेर काढला, सरळ, ताठ, आणि पाऊल टाकलं. मी "अरे, अरे!" करत मागं पळालो. गाड्या थांबल्या. एक थांबली, मग तिच्या शेजारची, मग एक टेम्पो. कशा थांबल्या ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी तर न घडलेल्या गोष्टीही सांगू शकतो.

शाहीन दारात झाडत होती. केरसुणी तिच्या हातातून पडली.

"अब्बू! किसके साथ आए?"

"साथ कायकू? गाडी लेके आया मैं." त्यानं सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. मग ओढणीची पुडी पुढं केली. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून उभी राहिली. त्याला तिचं तोंड दिसण्याएवढं लांब ती जाईना, म्हणून त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवत "मास्तरला पाणी दे" एवढंच म्हटलं.

नाश्त्याला खिमा आणि गरम पराठे होते. मी किती खाल्ले ते सांगणार नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. खाता खाता मला घड्याळ आठवलं. अजून तासाभरानं रस्ता पुन्हा गाड्यांना उघडणार होता.

"शब्बीर, निघायला पाहिजे. नायतर अडकशील."

त्यानं पराठ्याचा तुकडा सावकाश मोडला. "मग अडकतो. पुढच्या रविवारी जाईन. रस्ता बंद झाल्यावर."

"आठवडाभर?"

"मग? रिक्षात बसून जाऊ?"

मी फोन लावून भाभींना सांगितलं. आठ महिने ज्याला घराबाहेर काढता येत नव्हतं त्याला आता घरी नेता येत नाही, असं म्हणालो.  भाभी म्हणाल्या, "और आँख की दवा? दिन में तीन बार डालनी पड़ती. वो कौन डालेगा?" आणि फोन बंद झाला.

रस्ता उघडायच्या थोडं आधी दार वाजलं. रेहानाभाभी उभ्या होत्या, सिटी चौकापासून पायी चालत आलेल्या, कपाळावर घाम, चपलांना धूळ. हातातल्या पिशवीत वर औषधाची बाटली होती. शाहीननं पिशवी घेतली आणि खाली काय आहे ते पाहिलं. कपडे होते, आठवडाभराचे. दोघांचे.